थांबण्याची ताकद : विंचूर ते प्रकाशा

एप्रिलच्या मध्यात लासलगावच्या बाजार समितीत पोचायचं, तर शेतकरी पहाटेच घर सोडतो. ट्रॉलीत मोकळा ओतलेला उन्हाळ कांदा, वर ताडपत्री, स्टिअरिंगवर पोरगा आणि मडगार्डवर बाप. दिवस वर येईपर्यंत आवारात ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्यांच्या रांगा लागतात. मग लिलाव सुरू होतो. समितीचा कर्मचारी पुढे, व्यापाऱ्यांचा घोळका मागे. एका ट्रॉलीपाशी थांबायचं, चार कांदे हातात घेऊन रंग, आकार आणि पत्ती बघायची, क्विंटलचा आकडा पुकारायचा, वर चढवायचा आणि पुढच्या ट्रॉलीकडे सरकायचं. रोप टाकल्यापासून पाच-सहा महिने राबून पिकवलेल्या मालाचा भाव दोन-तीन मिनिटांत ठरतो. रांगेत मागे उभा असलेला पुढच्याला विचारतो, "काय निघाला?"

भाव पसंत नसेल तर शेतकऱ्याला नाही म्हणायचा हक्क आहे. कागदोपत्री तो पूर्ण आहे. पण ट्रॉली भरण्याची मजुरी देऊन झालेली असते, डिझेल जळालेलं असतं, ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर संध्याकाळी तो दुसऱ्याच्या बांधावर हवा असतो. सोसायटीचा हप्ता, मजुरांचा हिशेब, खतवाल्याची उधारी हे सगळे घरी वाट बघत असतात. त्यामुळे बहुतेक वेळा मान होकारार्थीच हलते.

या बाजारपेठेतून एक रस्ता उत्तरेकडे निघतो. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जुन्या दप्तरात तो राज्यमार्ग क्रमांक ७, लोकांच्या तोंडी विंचूर-प्रकाशा. विंचूर, लासलगाव, चांदवड, देवळा, सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर, साक्री, नंदुरबार आणि शेवटी तापीकाठचं प्रकाशा. तीन जिल्हे आणि दोनशेहून अधिक किलोमीटर. कांदा, द्राक्ष, डाळिंब, मका, ऊस, मिरची, पपई, केळी ही सगळी पिकं या एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने भेटतात. अलीकडे त्याचे काही तुकडे राष्ट्रीय महामार्गांत गेले. चांदवड ते साक्री हा पट्टा आता शिर्डीकडून येणाऱ्या ७५२ जी या महामार्गाचा भाग आहे. पाट्या बदलल्या, पण वाटेवरच्या गावांत पत्ता अजून विंचूर-प्रकाशा असाच सांगतात.

हा रस्ता बघताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. पन्नास-साठ वर्षांत शेतमाल वेगाने हलवण्याची सोय आपण बरीच केली. माल थोडा वेळ रोखून धरण्याची, भाव पटेपर्यंत थांबण्याची सोय मात्र शेतकऱ्याच्या हाती फारशी दिली नाही. जो थांबू शकतो, भाव त्याच्या बाजूने झुकतो. विंचूरपासून प्रकाशापर्यंत प्रत्येक गावाची कहाणी याच प्रश्नापाशी येऊन पोचते.

कांद्याचं गाव

रस्ता सुरू होतो ते विंचूर पेशवाईतल्या विंचूरकर सरदारांचं जहागिरीचं गाव. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा मार्ग इथून जातो. राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि त्यातून विंचूरला वाइन पार्क उभं राहिलं. द्राक्ष नाशवंत आहे, वाइन टिकते. त्या धोरणामागचा विचार हाच होता, की माल टिकाऊ केला तर विकायची घाई उरत नाही.

लासलगाव इथून काही किलोमीटरवर. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचं स्टेशन, १९४७ साली स्थापन झालेली बाजार समिती, आणि विंचूर व निफाडला तिचे उपबाजार. आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून तिची ओळख आहे आणि इथला भाव देशभरच्या मंडयांत बघितला जातो. इथे कांद्याचे तीन हंगाम चालतात. खरिपाचा लाल म्हणजे पोळ कांदा दिवाळीच्या मागेपुढे येतो. त्याच्या पाठोपाठ जानेवारीपासून रांगडा. आणि डिसेंबर-जानेवारीत लावून एप्रिल-मेमध्ये काढलेला उन्हाळ कांदा. पोळ आणि रांगड्यात पाणी जास्त, ते काढले की विकावेच लागतात. उन्हाळ कांदा टिकतो, आणि त्याच्यासाठीच शेताशेतांत चाळी दिसतात.

चाळ ही या भागाची खरी बँक आहे. जमिनीपासून दीड-दोन फूट वर उचललेला तळ, बाजूंना बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या जाळ्या, मधून वारा खेळेल अशी अरुंद बांधणी, वर पाचट, कौलं किंवा पत्रे. काढलेला कांदा शेतातच पातीखाली झाकून सुकवायचा, मान बारीक झाली की पात खांडायची, सावलीत ठेवायचा आणि मग निवडून चाळीत भरायचा. मे महिन्यात भरलेली चाळ ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान फोडतात. मधल्या काळात कांदा वजनाला घटतो, पावसाळी दमटपणात सडतो, शेवटी शेवटी कोंब धरतो. पाच-सहा महिन्यांत साधारण तिसरा हिस्सा जातो, कधी त्याहून जास्त. थांबण्याची ही किंमत शेतकरी मालाच्या रूपात मोजतो. तरीही तो चाळ भरतो, कारण सगळ्यांचा कांदा एकाच वेळी आवारात आला की काय होतं ते त्याने पाहिलेलं असतं.

कोंब रोखण्यासाठी विज्ञानाने मार्ग काढला आहे आणि तो लासलगावातच उभा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली इथे 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारलं. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची अगदी कमी मात्रा दिली की कांद्याला कोंब येत नाही. पण या केंद्राचं नाव गाजलं ते आंब्यासाठी. २००७ साली अमेरिकेने भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडलं, तेव्हा हापूसच्या पेट्या इथून विकिरण होऊन गेल्या. कांद्याचं घोडं अडलं ते पुढच्या साखळीपाशी. किरणांनी कोंब थांबतो, सड थांबत नाही. त्यासाठी विकिरणानंतर शीतगृह लागतं, शीतगृहाला अखंड वीज लागते, आणि त्या सगळ्याचा खर्च चार पैशांच्या कांद्यावर बसवायचा असतो. साखळीतला एकच दुवा उभा केला तर उपयोग किती तोकडा राहतो, याचा हा धडा रस्त्याच्या अगदी आरंभीच मिळतो.

लिलाव झाला म्हणजे शेतकऱ्याची सुटका झाली, असंही नाही. भुईकाट्यावर वजन करून ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते. खाली गोल्टी, चोपडा असा हलका माल निघाला, ओल निघाली, की वांधा. पुकारलेल्या भावातून काही रुपये उतरवा, नाहीतर माल परत भरा. रिकाम्या झालेल्या ट्रॉलीपाशी उभं राहून ही घासाघीस करणं किती अवघड, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. भाजीपाला आणि फळांवरची अडत म्हणजे दलाली शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, हा राज्य सरकारचा २०१६ मधला निर्णय म्हणूनच मोठा होता. त्यावर व्यापाऱ्यांचा संप झाला, आवारं बंद राहिली, आणि त्या बंदचा भार पुन्हा काढून ठेवलेल्या कांद्यानेच वाहिला.

दिल्लीहून येणारा भाव

बांधापासून आवारापर्यंतचं अंतर दिसतं. आवारापासून दिल्लीपर्यंतचं दिसत नाही, पण भाव तिथूनही ठरतो. गेल्या काही वर्षांचा क्रम नुसता मांडला तरी पुरे. २९ सप्टेंबर २०१९ला निर्यातबंदी. १४ सप्टेंबर २०२०ला पुन्हा निर्यातबंदी. १९ ऑगस्ट २०२३ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क. त्याच ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य. डिसेंबरात पूर्ण बंदी, आधी मार्चअखेरपर्यंत आणि नंतर पुढेही. ४ मे २०२४ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क घेऊनच. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं.

या तारखांशेजारी पिकाचं वेळापत्रक ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे उन्हाळ कांद्याची चाळ फोडायचे दिवस. उन्हापावसात माल सांभाळून, घट आणि सड सोसून शेतकरी ज्या महिन्यांची वाट बघतो, नेमक्या त्याच महिन्यांत शुल्क आणि बंदी येते. डिसेंबरात बंदी आली तेव्हा पोळ कांदा बाजारात होता आणि उन्हाळची लागवड चालू होती. शहरातल्या स्वयंपाकघराला कांदा परवडला पाहिजे, यात वाद नाही. केंद्र सरकारने भाव स्थिरीकरण निधीतून कांद्याचा साठाही उभारला आहे. २०२३-२४ मध्ये तो ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेला. पण सरकार साठा करतं तेव्हा तिजोरीच्या बळावर थांबतं. शेतकरी थांबतो तो कर्जाच्या व्याजावर. त्याचं थांबणं एका अधिसूचनेने फुकट जातं.

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचा भाव असा कोसळला, की अनेकांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवला. दिंडोरीहून शेतकरी आणि आदिवासींचा लाँग मार्च मुंबईच्या दिशेने निघाला. राज्य सरकारने क्विंटलमागे ३५० रुपयांचं अनुदान जाहीर केलं, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलच्या मर्यादेपर्यंत. मिळालं ते गरजेचंच होतं. पण ते विकून झालेल्या कांद्यावरचं होतं. भाव पडत असताना माल रोखून धरता यावा, यासाठी त्यातून काही उभं राहिलं नाही.

जिथे माणसांनी रस्ता थांबवला

लासलगाव सोडलं की सपाट काळी रानं, द्राक्षाचे मांडव, मक्याची ताटं. समोर सातमाळा डोंगररांग उंच होत जाते आणि तिच्या पायथ्याशी चांदवड लागतं. रेणुकामातेचं ठाणं, अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल, आणि मुंबई-आग्रा रस्त्याचा चौक.

या परिसराने रस्त्याचा वेगळाच उपयोग देशाला दाखवला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं कांदा-ऊस आंदोलन १९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात पेटलं. उसाला टनामागे ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव या मागण्या होत्या. शेतकरी मुंबई-आग्रा रस्त्यावर आणि लोहमार्गावर येऊन बसले. निफाड तालुक्यातल्या खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मरण पावले. तोवर शेतकऱ्याचं आंदोलन म्हणजे बहुतेक वेळा कर्जमाफीचा किंवा दुष्काळी मदतीचा अर्ज असे. इथे त्याने घामाचं दाम मागितलं, आणि त्यासाठी आपल्या हातातली एकमेव गोष्ट वापरली. भाव त्याच्या हातात नव्हता, साठा नव्हता, पण रस्ता त्याच्या शेतातून गेला होता. माल थांबवता येत नाही म्हणून त्याने वाहतूक थांबवली.

सहा वर्षांनी, ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ला, याच चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. कांदा लावणाऱ्या, निंदणाऱ्या, खांडणाऱ्या बाया बैलगाड्यांतून, ट्रॅक्टरमधून, एसटीने लाखोंच्या संख्येने आल्या. कांद्याच्या शेतीत बाईचा हात सगळ्यांत जास्त असतो आणि सातबाऱ्यावर तिचं नाव सगळ्यांत कमी असतं. घरातली मारहाण, दारू, मालमत्तेतला वाटा, पंचायत राज्यात बायकांनी उभं राहणं, हे सगळं तिथे खुल्या मैदानात बोललं गेलं. पुढे संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि अनेक गावांतल्या पुरुषांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. जमीन नावावर असणं म्हणजे कठीण वर्षातही पायाखाली काहीतरी असणं. भावाच्या प्रश्नाइतकाच हाही थांबण्याच्या ताकदीचाच प्रश्न होता.

बारी ओलांडल्यावर

चांदवडच्या पुढे रस्ता भावडबारीतून डोंगर ओलांडतो. ही बारी म्हणजे पाण्याची शीव आहे. दक्षिणेकडे पडलेला पाऊस गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातो, उत्तरेकडचा गिरणेतून तापीला मिळतो आणि अरबी समुद्रात पोचतो. बारी उतरली की बोलीही बदलते. लासलगावात "काय निघाला?" विचारणारा माणूस इकडे "काय भाव लागना?" असं विचारतो. अहिराणीचा मुलूख लागला.

देवळ्याच्या पुढे लोहोणेर आणि ठेंगोड्याच्या मध्ये गिरणेवरचा पूल येतो. गिरणाकाठ म्हणजे पूर्वापार उसाचा पट्टा. विठेवाडीचा वसंतदादा सहकारी साखर कारखाना, सगळ्यांचा 'वसाका', याच उसावर उभा राहिला आणि पुढे अनेक हंगाम बंद राहिला. कारखाना बंद पडला की रस्त्याची भूमिकाही बदलते. जो ऊस चार कोसांवर गाळायचा, तो लांबच्या कारखान्याकडे जातो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि हिवाळ्याची काळोखी रात्र. साखर हंगामात अशा रस्त्यांवर होणारे अपघात सगळ्यांना माहीत आहेत, दरवर्षी माहीत असतात.

सटाणा हे बागलाणचं ठाणं. मुल्हेर, साल्हेरच्या डोंगरांखालचा हा मुलूख १६३८ मध्ये मोगलांकडे जाईपर्यंत बागूल राजांचं स्वतंत्र राज्य होतं. साल्हेर हा १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, याच तालुक्यात आहे. पण सटाण्याला पूजा होते ती एका मामलेदाराची. यशवंतराव महादेव भोसेकर इथे मामलेदार असताना १८७०-७१ चा दुष्काळ पडला. त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांना पैसे वाटले, अशी कथा आजही घराघरात सांगतात. रक्कम सांगितली जाते १ लाख २७ हजार रुपये. चौकशी आली तेव्हा तिजोरीत पैसा जसाच्या तसा निघाला, हा त्या कथेतला चमत्काराचा भाग. चमत्कार बाजूला ठेवला तरी गाभा उरतो. उपाशी माणसाला तगून राहायला मदत करणारा अधिकारी या लोकांनी देवाच्या जागी बसवला. देवमामलेदारांच्या यात्रेला मार्गशीर्षात हा रस्ता माणसांनी फुलून जातो.

बागलाणची आजची श्रीमंती आणि आजची भीती या दोन्हींचं नाव डाळिंब. कमी पाण्यावर, मुरमाड माळावर येणारं हे पीक इथल्या कित्येक घरांना वर घेऊन गेलं. गणेश जातीने सुरुवात करून दिली, भगव्याने निर्यातीचं दार उघडलं. मग तेल्या आला. पानांवर आणि फळांवर तेलकट काळे डाग, फळ तडकतं, बाग बसते. जीवाणूंचा हा रोग वाऱ्यापावसाबरोबर झाडावरून झाडावर जातो आणि त्यावर आजही पक्का इलाज नाही. मर रोगाने उरलेल्या बागा सुकवल्या. लोकांनी कुऱ्हाड लावून बागा तोडल्या, पुन्हा कांद्याकडे गेले, काहींनी पुन्हा डाळिंब लावलं. शेतकरी निदान मृग, हस्त की आंबिया यांपैकी कोणता बहार धरायचा हे ठरवू शकतो. झाडाला ताण देऊन फळाचा महिना आपल्याला हवा तसा सरकवणं, ही या भागातली मोठी विद्या आहे. बागलाणची अगाप द्राक्षंही याच विचाराची आहेत. जून-जुलैत छाटणी करून इतरांच्या बऱ्याच आधी माल काढायचा. त्याच्या बदल्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाचा धोका अंगावर घ्यायचा. एका रात्रीच्या पावसाने घडाचे मणी तडकतात आणि सकाळी व्यापारी फोन उचलत नाही.

पाण्याची पाळी

ताहाराबादला मोसम नदी भेटते. पश्चिमेला मांगी-तुंगीचे दोन सुळके आणि त्यांच्या कुशीत २०१६ साली पूर्ण झालेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती. रस्ता पुढे शेलबारीतून धुळे जिल्ह्यात उतरतो आणि पांझरेच्या काठी पिंपळनेरला येतो.

मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर शतकांपूर्वीची एक व्यवस्था होती आणि काही ठिकाणी अजून तगून आहे : फड. नदीवर दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा, आणि पाटाखालचं शिवार तीन-चार फडांत वाटायचं. एका फडात सगळ्यांनी ऊस घ्यायचा, दुसऱ्यात हंगामी पीक, एखादा फड त्या वर्षी विसाव्याला. दरवर्षी पिकाची पाळी फिरते. जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असते. त्यामुळे पाणी कमी पडलं तर ते सगळ्यांनाच कमी पडतं, शेपटाकडच्या एकट्यालाच नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि पाट उपसायला घरटी माणूस. वाद पंचांपुढे मिटायचा.

विहिरी झाल्या, मोटारी आल्या, नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, आणि फड मोडत गेले. जुन्या गोष्टींचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. फडाने एक मोठी गोष्ट साधली होती, ती सांगायची आहे. एकटा शेतकरी पाण्याची वाट बघू शकत नाही, त्याचं पीक जळतं. पण पाळी ठरलेली असेल, नियम सगळ्यांना सारखा असेल आणि तो अंमलात आणणारा माणूस गावाचा असेल, तर सगळं गाव मिळून थांबू शकतं. कांद्याच्या आवकेला अशी पाळी कोणी लावली नाही. ज्या मुलखाने पाणी वाटून घेतलं, त्याच मुलखात माल मात्र ज्याचा त्याने एकट्याने, एकाच आठवड्यात बाजारात ओतायचा, अशी रीत पडली.

तांबडी पठारं, निळी तापी

साक्रीला सुरत-नागपूर महामार्ग ओलांडला की रान उघडं होतं. माळांवर पवनचक्क्यांची पाती फिरत असतात, खाली बाजरी, कापूस आणि मेंढ्यांचे कळप. पावसाळा संपला की याच रस्त्याने माणसंही निघतात. नंदुरबार आणि साक्रीकडच्या आदिवासी जोड्या कोयते घेऊन गुजरातच्या ऊसतोडीला जातात. सुरगाणा-पेठकडचे मजूर कांदालागणीला आणि द्राक्षाच्या कामाला निफाड-चांदवडकडे येतात. पिकअपमध्ये उभ्याने, लेकरं काखेला. शेतमालाच्या वाहतुकीचं सर्वेक्षण होतं, या वाहतुकीचं फारसं होत नाही. मजुराला तर एक दिवसही थांबता येत नाही, कारण त्या दिवसाची चूल त्या दिवसाच्या रोजावर पेटते.

नंदुरबार जवळ आलं हे नाकाला आधी कळतं. दिवाळीनंतर शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर लाल मिरची वाळत पडते. एकरच्या एकर तांबडे. त्यांना इथे पथारी म्हणतात. पथारीवर आदिवासी बाया तोंडाला पदर बांधून मिरची उलथतात, देठ खुडतात, प्रतवारी करतात. देशातल्या मिरचीच्या मोठ्या बाजारांत नंदुरबारची गणना होते.

पण शेतकरी इथे बहुधा ओली लाल मिरची विकतो. वाळवतो तो व्यापारी. ओली मिरची दोन दिवसांत काळी पडू लागते, वाळलेली वर्षभर राहते, शीतगृहात त्याहूनही अधिक. पथारीची जागा, मजुरांना रोज द्यायचा पैसा आणि महिनाभर कळ काढण्याची ऐपत ज्याच्याकडे आहे, पुढचा भाव त्याला मिळतो. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला तर तोटाही त्याचाच, हे खरं. तरीही दहा वर्षांचा हिशेब मांडला तर थांबू शकणारा टिकतो आणि थांबू न शकणारा दरवर्षी नव्याने सुरुवात करतो.

नंदुरबारहून प्रकाशाकडे उतरताना तापीचं काळं, खोल खोरं सुरू होतं. केळी, पपई, ऊस, कापूस. पलीकडे सातपुड्याची निळी भिंत. प्रकाशा हे तापी आणि गोमाईच्या संगमावरचं तीर्थ, दक्षिण काशी म्हणून नावाजलेलं. १९५५ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी इथल्या पांढरीत उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. म्हणजे हजारो वर्षं माणूस इथे याच मातीत पेरतो आहे.

प्रकाशाला तापीवर बॅरेज आहे, वर सारंगखेड्यालाही आहे. नदी तुडुंब दिसते. पण बॅरेजातलं पाणी उंचावरच्या शिवारात चढवायला उपसा योजना लागतात, आणि इथल्या कित्येक सहकारी उपसा योजना वर्षानुवर्षं नादुरुस्त पडून राहिल्या. पंप गंजले, पाइप फुटले, वीजबिलं थकली. पाणी अडलं, पण शेतकऱ्यापर्यंत पोचलं नाही. लासलगावच्या विकिरण केंद्राचा धडा इथे पाण्याच्या भाषेत पुन्हा समोर येतो. मोठं काम उभं राहतं आणि शेवटचा दुवा सुटलेला असतो.

रुंदीकरणाच्या निमित्ताने

रस्त्यांचे राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण असे वर्ग पाडण्याची कल्पना १९४३ च्या नागपूर आराखड्यातली. त्यातला प्रांतिक मार्ग म्हणजे आजचा राज्यमार्ग, हिरव्या माथ्याच्या मैलाच्या दगडाचा. त्याचं काम होतं जिल्ह्याला जिल्हा जोडणं आणि बाजाराला गाव जोडणं. आता हा रस्ता तुकड्यातुकड्याने रुंद आणि काँक्रीटचा होतो आहे. ते व्हायलाच हवं. खालची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि डांबराला कधीच स्वस्थ बसू देत नाही. खड्ड्यांतून गेलेलं डाळिंब आतून दुखावतं, द्राक्षाचे मणी गळतात, आजारी माणूस सटाण्याच्या दवाखान्यात उशिरा पोचतो.

पण रुंदीकरणाच्या आराखड्यात शेती कुठे आहे, हे विचारायला हवं. शेतात उतरणाऱ्या प्रत्येक वाटेखाली मोरी टाकली नाही, तर शेतकरी मातीने चारी बुजवून वाट करतो. मग पाणी तुंबतं, एका बाजूचं रान सडतं आणि काही वर्षांत रस्ताही खचतो. दुभाजक सलग ठेवला तर समोरच्या शेतात जाणारा ट्रॅक्टर दोन किलोमीटरचा वळसा घालण्याऐवजी उलट्या दिशेने येतो. ट्रॅक्टर आणि बैलगाडीला पक्की साइडपट्टी, बाजाराच्या गावांना वळणरस्ता, हंगामात ट्रॉल्यांना रात्र काढायला उजेड आणि पाण्याची सोय असलेला तळ, या गोष्टी आराखड्यात पहिल्या दिवसापासून हव्यात. सटाण्यासारख्या गावातून अवजड वाहनं आणि शाळेची मुलं एकाच रस्त्याने जातात. तिथल्या वळणरस्त्याची मागणी जुनी आहे.

याहून मोठी गोष्ट डांबराच्या बाहेरची. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्यावर कर्ज उचलायचं, भाव आला की विकायचं. सोयाबीन, तूर, मका, हळद, बेदाणा अशा टिकाऊ मालासाठी ही योजना फार कामाची आहे. तिच्या तोडीची सोय कांद्यासाठी उभी करायची तर शास्त्रीय चाळी, प्रतवारी आणि विम्याची जोड द्यावी लागेल. नंदुरबारला शेतकऱ्यांच्या गटांना पथारीची जागा आणि वाळवणी यंत्रं दिली, तर मिरचीतला टिकण्याचा नफा बांधावर येईल. आणि दिल्लीने निर्यातीचं धोरण लागवडीआधी जाहीर करून ते हंगामभर पाळावं. शेतकरी भावाची जोखीम घ्यायला तयार असतो, ती तो दरवर्षी घेतोच. माल चाळीत पडल्यावर बदललेल्या नियमाची जोखीम त्याच्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

या सगळ्याला लागणारा पैसा चार पदरी रस्त्याच्या काही किलोमीटरांइतका असेल किंवा त्याहून जास्त. तो हिशेब तज्ज्ञांनी करावा. पण हिशेब करताना रस्ता आणि साठवण हे एकच काम मानावं, त्याला एकच आराखडा असावा आणि एकच उत्तरदायित्व असावं. विंचूर-प्रकाशा मार्गावरून माल किती लवकर गेला, हे आज मोजलं जातं. शेतकऱ्याला तो किती दिवस स्वतःच्या मर्जीने रोखता आला, हेही ज्या दिवशी सरकारी अहवालात मोजलं जाईल, त्या दिवशी लिलावात पुकारलेल्या भावाला नाही म्हणण्याचा त्याचा हक्क कागदावरून बांधावर आलेला असेल. हा रस्ता ज्यांच्या जमिनींतून गेला आहे, त्यांना आपण एवढं देणं लागतो.